केडंप: डंप लिहिता लिहिता मेमरी संपते, ती खातं कोण?

पहाटपाळी

लिनक्सवर केडंप (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळलं की त्याच्या मेमरीची प्रत, म्हणजे डंप, काढून ठेवणारी सोय) वापरणाऱ्यांना विचारायचंय. आधी थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांनाही पुढचं वाचता येईल.

कर्नल पॅनिक झालं, म्हणजे कोसळलं, की त्याच कर्नलकडून डिस्कवर डंप लिहून घेणं धोक्याचं, कारण जे बिघडलंय तेच डिस्कचा ड्रायव्हर चालवणार. म्हणून बूट होतानाच 'क्रॅशकर्नल' या पॅरामीटरने थोडी मेमरी बाजूला काढतात आणि तिथे दुसरं कर्नल आणि छोटं इनिटरॅमएफएस (बूट होताना रॅममध्येच उलगडणारी फाइलींची इमेज) आधीच चढवून ठेवतात. पॅनिक झालं की केएक्झेकमुळे थेट त्या दुसऱ्या कर्नलमध्ये उडी, मध्ये बायोस नाही. मेलेल्या कर्नलची सगळी मेमरी तिथे /प्रॉक/व्हीएमकोर म्हणून दिसते. मेकडंपफाइल हे साधन त्यातून नको ती पानं (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) गाळतं, उरलेली दाबतं आणि लिहून टाकतं.

आमचं मशीन ५१२ जीबी रॅमचं. दोन सॉकेट, २५ गिगाबिटची दोन नेटवर्क कार्डं, एक फायबर चॅनल एचबीए (बाहेरच्या स्टोरेजला जोडणारं कार्ड). डिस्ट्रो आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स) ९ च्या घराण्यातला, म्हणजे ६४ जीबीच्या वर डिफॉल्ट ५१२ एमबी राखीव. डंप एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर जातो. परवा पॅनिक झालं, दुसरं कर्नल उठलं, जुन्या कर्नलचा डीमेसेज (लॉग) व्यवस्थित पोचला, मग मेकडंपफाइल सुरू झालं आणि ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) त्यालाच उडवलं. पलीकडच्या मशीनवर 'व्हीएमकोर-इनकम्प्लीट' नावाची अर्धी फाइल. कशामुळे पॅनिक झालं ते त्या फाइलवरून कळणं शक्य नाही.

वरचे म्हणतात, १ जीबी करा आणि मोकळे व्हा. पण असे सर्व्हर रांगेने आहेत. प्रत्येकावर आणखी अर्धा जीबी कायमचा अडकवायचा तर निदान कोणासाठी, ते तरी कळू दे. डंप चालू असताना मेमरी कोण किती घेतंय ते बघायचं कसं? तिथे ना टॉप, ना आपलं नेहमीचं मॉनिटरिंग.

बाइटभाकरी

मेकडंपफाइल --मेम-यूसेज /प्रॉक/केकोर असं चालू मशीनवर चालवा. आकडे येतात.

जुनेखोड

आकडे येतात, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहेत. तो पर्याय चालू मशीनची पानं मोजतो: शून्यांनी भरलेली किती, कॅशची किती, यूजर प्रोसेसची किती, मोकळी किती, कर्नलची स्वतःची किती. त्यावरून डंपची फाइल केवढी होईल, म्हणजे डिस्कवर किती जागा लागेल, याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या कर्नलला रॅम किती लागेल याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

पहाटपाळी, 'केडंपसीटीएल एस्टिमेट' (किती मेमरी राखावी याचा अंदाज देणारी कमांड) काय म्हणतंय?

पहाटपाळी

ते पाहिलं. शिफारस ५१२ एमबीच्या बरीच खाली येते, म्हणजे त्याच्या हिशोबाने आमचं सगळं आलबेल.

चौकसबाई

मी या क्षेत्रातली नाही, घरी लिनक्स वापरते एवढंच. पण साधी शंका: मेकडंपफाइल सुरू झालं आणि मेमरी संपली, तर मेमरी त्यानेच खाल्ली ना? एवढं शोधायचं काय त्यात?

जुनेखोड

चौकसबाई, सगळे इथेच अडखळतात, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

ओओएम किलर फक्त यूजर प्रोसेस मारू शकतो, आणि निवडताना त्या प्रोसेसची स्वतःची मेमरी किती ते बघतो. ड्रायव्हरने घेतलेली पानं कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसतात. म्हणजे ४०० एमबी ड्रायव्हरांनी खाल्ले असले तरी किलरच्या यादीत त्यांचं नावच नाही. भरलेल्या एसटीत कंडक्टर शेवटी चढलेल्यालाच उतरवतो, तसं मेकडंपफाइलचं होतं. लॉगमध्ये त्याचं नाव दिसतं आणि लोक त्याच्याच मागे लागतात.

मेकडंपफाइलचा खर्च कागदावर काढता येतो. ४ केबीच्या प्रत्येक पानासाठी त्याला एक बिट लागतो, आणि असे दोन बिटमॅप असतात. १ टीबीला ३२ अधिक ३२, म्हणजे ६४ एमबी. तुमच्या ५१२ जीबीला ३२ एमबी. पूर्वी हा बिटमॅप तात्पुरत्या फाइलमध्ये जायचा, आणि इनिटरॅमएफएसमध्ये तात्पुरती फाइल म्हणजेसुद्धा रॅमच, त्यामुळे मोठ्या मशीनांवर खरंच बोंब व्हायची. १.५.० पासून सायक्लिक पद्धत आली. ठरावीक आकाराचा बफर घेऊन मेमरीचे तुकडे करत फेऱ्या मारायच्या. रॅम कमी असली तर फेऱ्या वाढतात आणि वेळ जास्त जातो, पण बिटमॅपपायी मेमरी संपत नाही. तेव्हा संशयितांच्या यादीत मी मेकडंपफाइलला तिसऱ्या-चौथ्या नंबरावर ठेवीन.

वरचे नंबर कोणाचे? एक, इनिटरॅमएफएस उलगडताना. दाबलेली प्रत आणि उलगडलेली प्रत काही क्षण दोन्ही मेमरीत असतात, आणि हे पहिली प्रोसेस उठायच्या आधीच घडतं. इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या ड्रॅकटचं स्क्वॉश मॉड्यूल केडंपसाठी वापरतात ते याचसाठी: फाइली दाबलेल्याच राहतात आणि लागतील तशा वाचल्या जातात. दोन, यूजरलँड, म्हणजे कर्नलबाहेरचे प्रोग्राम: सिस्टमडी, यूडेव्ह, एसएसएचसाठी नेटवर्क मॅनेजर. ही मंडळी दिसतात जास्त आणि खातात त्या मानाने कमी.

तीन, ड्रायव्हर, आणि खरी मेख इथेच. नेटवर्क कार्डाच्या प्रत्येक रिसीव्ह रांगेला डिस्क्रिप्टर (आलेला डेटा कुठे ठेवायचा त्याच्या नोंदी) असतात आणि प्रत्येक डिस्क्रिप्टरमागे एक बफर. ६४ रांगा, प्रत्येकीत १०२४ डिस्क्रिप्टर, प्रत्येकाला ४ केबीचं पान: गुणाकार करा, २५६ एमबी. एका पोर्टचे! दुसऱ्या कर्नलला 'एनआर_सीपीयूज=१' देतात त्याचं एक मोठं कारण हेच. सीपीयू एक, म्हणून बहुतेक ड्रायव्हर रांगही एकच उघडतात आणि २५६ चे ४ एमबी होतात. पण काही ड्रायव्हर सीपीयूकडे न बघता हार्डवेअरकडे बघतात, काही आपल्या फर्मवेअरला लोड होताक्षणीच पानं देऊन टाकतात. एस्टिमेट मॉड्यूलचा स्वतःचा आकार मोजतं आणि रनटाइमला ६४ एमबी धरतं. ड्रायव्हर जागा झाल्यावर काय काय मागेल ते त्याला कुठून कळणार?

रातराणी

वाचनखूण साठवली. पण मग /प्रॉक/मेमइन्फोमध्ये (कर्नल मेमरीचा हिशोब दाखवतं तिथे) ड्रायव्हरची ओळ कुठली? स्लॅब?

जुनेखोड

नाही ना ओळ! केमॅलॉकने घेतलेले कर्नलचे लहानसहान तुकडे स्लॅबमध्ये दिसतील, पण पेज अ‍ॅलोकेटरकडून सरळ उचललेली पानं आणि डीएमएचे (कार्डं सीपीयूला वळसा घालून थेट मेमरीत लिहितात ते) बफर कुठल्याच ओळीत येत नाहीत. उलटा हिशोब करावा लागतो: एकूणातून मोकळी, कॅश, अ‍ॅनॉनपेजेस, स्लॅब, कर्नलस्टॅक, पेजटेबल, परसीपीयू वजा करत जायचं आणि जी रक्कम कोणाच्याच खात्यावर लागत नाही ती ढोबळमानाने ड्रायव्हरांची. कॅशचा आकडा बघून घाबरू नका, ती गरज पडली की सोडवता येते. 'मेमअ‍ॅव्हेलेबल' बघा. मात्र इनिटरॅमएफएसच्या उलगडलेल्या फाइलीही कॅशमध्येच मोजल्या जातात, आणि त्या सुटत नाहीत.

आता मूळ प्रश्न. ड्रॅकटमध्ये आरडी.मेमडीबग नावाचा पर्याय आहे, ० ते ५. १ दिलं तर मेमइन्फोचा काही भाग, २ ला पूर्ण मेमइन्फो, ३ ला सोबत स्लॅबइन्फो. हे सगळं बूटच्या ठरावीक टप्प्यांवर छापलं जातं. अडचण उघड आहे: दोन टप्प्यांच्या मधे मेमरी वर गेली आणि खाली आली तर तुम्हाला पत्ताच नाही. ४ दिलं की मेमस्ट्रॅक नावाचं साधन सुरू होतं. ते कर्नलच्या पान-वाटपाच्या ट्रेसपॉइंटवर (नोंद घेण्याच्या जागेवर) बसतं, प्रत्येक वाटपाचा कॉलस्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं ती साखळी) बघून ते कुठल्या मॉड्यूलच्या खात्यावर टाकायचं ते ठरवतं, आणि शेवटी मॉड्यूलवार सध्याचा वापर आणि सर्वोच्च वापर दोन्ही देतं. ५ ला वर सगळ्यात जास्त खाणाऱ्यांचे कॉलस्टॅकसुद्धा. पहाटपाळी, तुम्हाला ४ पुरे.

पर्याय दुसऱ्या कर्नलच्या कमांडलाइनला द्यायचा, चालू कर्नलच्या नव्हे. म्हणजे /ईटीसी/सिसकॉन्फिग/केडंप मधल्या 'केडंप_कमांडलाइन_अपेंड' मध्ये. मेमस्ट्रॅकचं पॅकेज बसवा, केडंपसीटीएल रीबिल्ड, मग रीस्टार्ट. एलएसइनिटआरडीने केडंपच्या इमेजमध्ये मेमस्ट्रॅक गेलंय ना ते डोळ्यांनी बघून घ्या, विश्वास ठेवू नका.

खटपट्या

जुनेखोडांच्या प्रतिसादाला +१, एक भर घालतो. मोजताना राखीव मेमरी मुद्दाम वाढवा, सरळ १ जीबी करा. ५१२ वरच मोजाल तर मेमरी संपली त्या क्षणापर्यंतचाच आकडा मिळेल, खरी भूक किती होती ते कळणारच नाही. शिवाय ट्रेसिंगलाही स्वतःचे बफर लागतात, त्यांचं वजन काट्यावर पडतं.

वाढवायला रीबूट लागतो. कमी करायला लागत नाही: केडंपची इमेज उतरवून /सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_साइझ मध्ये लहान आकडा लिहिला की वरची मेमरी परत मिळते. उलटं मात्र होत नाही, तिथे मोठा आकडा लिहून काही वाढत नाही. आणि /प्रॉक/आयओमेम रूट म्हणूनच वाचा, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतील. 'क्रॅश कर्नल'च्या दोन ओळी दिसल्या तर दचकू नका. ४ जीबीच्या वर जागा घेतली असेल तर खालीही एक वेगळा तुकडा राखला जातो, कारण जुन्या धाटणीच्या डीएमएला ४ जीबीच्या खालचीच मेमरी लागते.

दुसरं: सिरियल कन्सोल किंवा बीएमसीवरून (सर्व्हरमधला देखरेखीचा वेगळा छोटा संगणक) सिरियल चालू ठेवा. हा सगळा तमाशा जिथे घडतो तिथे लॉग साठवायला डिस्क असेलच असं नाही.

पहाटपाळी

छान. मेंटेनन्स विंडो मिळाली की करतो. एक विचारायचं राहिलं: अहवाल शेवटी निघतो म्हणता, पण डंप संपला की मशीन लगेच रीबूट होतं. मधे अहवाल छापला जाईल का?

जुनेखोड

केडंप.कॉन्फमध्ये 'फेल्युअर_अ‍ॅक्शन शेल' ठेवा. डंप फसला तर रीबूट न होता कन्सोलवर शेल मिळतो. तिथे मेमस्ट्रॅकला इंटरप्ट सिग्नल दिला की ते अहवाल लिहून थांबतं. चाचणीपुरता डंप मुद्दाम फसवायचा असेल तर पलीकडच्या मशीनवर डंपच्या पार्टिशनची जागा कमी ठेवा, म्हणजे लिहिता लिहिताच अडकेल. चाचणी झाली की ते शेल काढा, नाहीतर खऱ्या पॅनिकच्या रात्री सर्व्हर कोणाची तरी वाट बघत तसाच बसेल.

मेकडंपफाइलचा उच्चांक वेगळा हवा असेल तर /प्रॉक मधल्या त्याच्या स्टेटस फाइलमध्ये 'व्हीएमएचडब्ल्यूएम' ही ओळ असते. प्रोसेस जिवंत आहे तोवरच वाचता येते, तेव्हा केडंप_प्री च्या स्क्रिप्टमधून मागे एक छोटा लूप सोडून द्या, दर सेकंदाला ती ओळ कन्सोलवर टाकत राहील.

रातराणी

धागा थोडा वळवते. माझा लॅपटॉप, डेबियन, पूर्ण डिस्क एलयूकेएस२ने एन्क्रिप्ट केलेली. १६ जीबी रॅम, २५६ एमबी राखीव. इथे तर मेकडंपफाइलपर्यंत गाडी जातच नाही. पासवर्ड टाकला की दुसरं कर्नल तिथेच मेमरी नाही म्हणून ओरडतं. हाही ड्रायव्हर का?

खटपट्या

नाही ताई, तुमच्याकडे खाणारा पासवर्डच आहे! एलयूकेएस२ पासवर्डवरून किल्ली बनवायला आर्गॉन२आयडी वापरतं, आणि त्याची गंमतच ही की ते मुद्दाम भरपूर मेमरी मागतं, म्हणजे चोराला ग्राफिक्स कार्डांवर एकाच वेळी लाखो पासवर्ड तपासता येऊ नयेत. डिफॉल्ट कमाल १ जीबी. क्रिप्टसेटअप लूक्सडंप चालवा, कीस्लॉटखाली (पासवर्डचा कप्पा) 'मेमरी' पुढे १०४८५७६ दिसेल, तो केबीत आहे. कीस्लॉट बनला तेव्हा जो आकडा ठरला तोच उघडताना लागतो. २५६ एमबीत १ जीबी कुठून येणार?

उपाय दोन-तीन आहेत, एकही फारसा देखणा नाही. कमी मेमरीचा वेगळा कीस्लॉट करा, पण मग तेवढी सुरक्षा ढिली. किंवा डंप वेगळ्या, एन्क्रिप्ट न केलेल्या पार्टिशनवर टाका, पण डंपमध्ये कर्नलची मेमरी असते, म्हणजे डिस्कची किल्लीही असू शकते, आणि ती उघड्यावर पडली. किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवा. मी तुमच्या जागी असतो तर शेवटचा घेतला असता.

बाइटभाकरी

डेबियनवाल्यांसाठी: तिथे पॅकेज केडंप-टूल्स, सेटिंग /ईटीसी/डिफॉल्ट/केडंप-टूल्स मध्ये. ड्रॅकट नसेल तर आरडी.मेमडीबग चालायचं नाही, वर जुनेखोडांनी सांगितलेला वजाबाकीचा हिशोब हातानेच करावा लागेल. केडंपची इमेज /व्हार/लिब/केडंप मध्ये वेगळी बनते आणि तिच्यात गरजेपुरतीच मॉड्यूल घेतात, नेहमीच्या इमेजपेक्षा ती बरीच सडपातळ असते.

अवांतर: केडंपच्या सुरुवातीच्या कामात आयबीएम इंडियाच्या मंडळींचा मोठा हात होता. २००५ साली २.६.१३ मध्ये ते कर्नलात आलं तेव्हापासून विवेक गोयल हे नाव त्या कोडमध्ये सतत दिसतं.

पहाटपाळी

आज विंडो मिळाली. १ जीबी राखीव, मेमडीबग ४, सिरियल कन्सोलवर लॉग, आणि 'एको सी' सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये टाकून मशीन मुद्दाम पाडलं. (प्रॉडक्शन नव्हे, तसंच हार्डवेअर असलेलं स्टेजिंग.)

मेकडंपफाइलचा उच्चांक ४० एमबीच्या आसपास, म्हणजे बिटमॅपच्या हिशोबाशी जुळतो. एसएसएच, नेटवर्क मॅनेजर वगैरे मिळून किरकोळ. मॉड्यूलवार यादीत पहिला नंबर फायबर चॅनलच्या ड्रायव्हरचा, दुसरा नेटवर्क कार्डाचा, आणि हे दोघे मिळून बाकी सगळ्यांच्या बेरजेहून जास्त. सगळ्यांची मिळून भूक ५१२ च्या थोडीच वर जाते, म्हणून मेकडंपफाइल सुरू होईपर्यंत सगळं ठीक वाटायचं.

मजा म्हणजे डंप एसएसएचवरून जातो. फायबर चॅनलचा ड्रायव्हर तिथे असायचं कारणच नाही! केडंपची इमेज होस्टपुरती बनते, त्यात तो यायला नको होता. शोधलं तर /ईटीसी/ड्रॅकट.कॉन्फ.डी मध्ये एक फाइल सापडली, तिच्यात अ‍ॅड_ड्रायव्हर्सच्या ओळीत त्याचं नाव. स्टोरेजवाल्यांच्या इन्स्टॉलरने टाकलेली. नेहमीच्या इमेजसाठी ती बरोबरच आहे, पण केडंपची इमेजही शेवटी ड्रॅकटच बनवतं आणि तीच कॉन्फ वाचतं.

केडंप.कॉन्फमध्ये 'ड्रॅकट_आर्ग्ज --ओमिट-ड्रायव्हर्स' घालून तो वगळला, रीबिल्ड केलं, ५१२ वर आणलं. पूर्ण डंप पोचला, मेमअ‍ॅव्हेलेबल शेवटपर्यंत शंभर एमबीच्या वर.

चौकसबाई

म्हणजे शेवटी चढलेला खरंच निर्दोष होता!

जुनेखोड

झकास. ज्यांचं कर्नल ६.१० किंवा त्यापुढचं आहे त्यांच्यासाठी आणखी एक रस्ता: मेमरी अ‍ॅलोकेशन प्रोफायलिंग. कर्नल तसं बांधलेलं असेल तर कमांडलाइनला सिसकंट्रोल.व्हीएम.मेम_प्रोफायलिंग=१ द्यायचं. मग /प्रॉक/अ‍ॅलॉकइन्फोमध्ये सोर्सच्या कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीने किती मेमरी घेतली ते मॉड्यूलच्या नावासकट येतं. ओओएम झालं तर सगळ्यात मोठे दहा मागणीदार कर्नल स्वतःच लॉगमध्ये छापतं, वेगळं साधन इमेजमध्ये कोंबायची गरज नाही. उच्चांक मात्र ते ठेवत नाही, त्यासाठी मेमस्ट्रॅकच.

पेज_ओनर=ऑन हा जुना मार्गही आहे, पण तो प्रत्येक पानामागे वाटपाची माहिती बाळगतो. राखीव मेमरी टंचाईची असताना मी तो शेवटी ठेवीन.

बाइटभाकरी

आणि ते सीएमए? राखीव मेमरी एरवी यूजर प्रोसेसना वापरू द्यायची आणि पॅनिक झालं की परत घ्यायची, असं काहीतरी अलीकडे आलंय ना. मग ५१२ की १ जीबी हा वादच मिटतो.

खटपट्या

अलीकडच्या कर्नलमध्ये आलंय, क्रॅशकर्नलला 'सीएमए' शेपूट जोडून. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या भागात जी यूजर पानं असतील ती डंपमध्ये येणार नाहीत, कारण दुसरं कर्नल त्यांच्यावरच लिहितं. आपण मेकडंपफाइलला -डी ३१ लावून यूजर पानं तशीही गाळतोच, त्यामुळे बहुतेकांना फरक पडू नये. आणि पॅनिकच्या क्षणी एखादं कार्ड त्या पानांवर डीएमए करत असेल तर ते थांबेपर्यंत वाट बघावी लागते. पूर्ण राखीव मेमरी सीएमएवर टाकता येत नाही, थोडी पक्की ठेवावीच लागते.

पहाटपाळी

आमच्या डिस्ट्रोत येईल तेव्हा बघू, तोवर ५१२. नेटवर्क कार्डाचं नवीन फर्मवेअर पुढच्या विंडोत चढवायचंय. दुसरा नंबर त्याचाच आहे, तेव्हा आधीचा आणि नंतरचा मेमस्ट्रॅक अहवाल शेजारी शेजारी ठेवून इथेच टाकतो.